आवाज खाणारी खोली

भिकननाना कोणाच्याही घरात शिरले की चपला काढायच्या आधी टाळी वाजवतात.

एकच, पण सणसणीत. टाळी वाजली की मान डावीकडे वळवायची, उजवा कान खोलीच्या मध्यावर धरायचा, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा, "घुमस." म्हणजे घुमतं. नाहीतर, "बरं शे." 'बरं शे' हा शेरा मी आजवर दोनदाच ऐकला आहे. एकदा गादीच्या दुकानात आणि एकदा आमच्या शाळेतल्या अडगळीच्या खोलीत, जिथे स्नेहसंमेलनाच्या सतरंज्या रचून ठेवलेल्या असतात. आमच्या स्वतःच्या बैठकीला बावीस वर्षांच्या शेजारानंतरही त्यांनी काठावर पास केलेलं नाही.

माझ्या पुतणीसाठी जळगावचं एक स्थळ आलं होतं. मेहरूणकडे नवीन फ्लॅट, मुलगा इंजिनिअर. घर बघायला जाताना वडीलधारं कोणी सोबत असावं म्हणून नानांना घ्यायचं ठरलं. ही कल्पना आमच्या ह्यांची. फ्लॅट झकपक होता. चेहरा दिसेल अशा फरशा, काचेचं टीपॉय, उघड्या गुळगुळीत भिंती. मुलाचे वडील हात जोडून पुढे आले आणि नानांनी फाडकन टाळी वाजवली. मुलाच्या आईला वाटलं, उभ्या उभ्याच पसंती झाली. त्या बिचाऱ्या पेढे आणायला आत वळल्या. तेवढ्यात नानांनी डोळे उघडले आणि जाहीर केलं, "हाई घरमा भांडणं व्हतीन."

पेढे आतच राहिले. मग नानांनी सोफ्यावर बसून सगळ्यांना समजावून सांगितलं. घुमणाऱ्या घरात एकाचं बोलणं दुसऱ्याला अर्धंच कळतं. अर्धं कळलं की तो "काय?" म्हणतो. 'काय' म्हटलं की पहिला आवाज चढवतो. आवाज चढला की शब्द तेच असले तरी ते भांडण होतं. "माणसं खराब नसतात," नाना म्हणाले, "भिंती खराब असतात." मुलाचे वडील भले गृहस्थ. त्यांनी हसून विचारलं, मग उपाय काय? नानांनी जाड पडदे, एक गालिचा आणि पुस्तकांचं उघडं कपाट लिहून दिलं. लग्न झालं. पुतणी सुखात आहे. श्रेय तिच्या स्वभावाचं की गालिच्याचं, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत.

नाना आमचे धुळ्याचे, देवपुरातले शेजारी. शेजारी म्हणजे अगदी भिंतीला भिंत नव्हे, तर दोघांत मिळून एकच भिंत. जिनिंग फॅक्टरीत ते तीस वर्षं फिटर होते. कपाशीतून सरकी वेगळी काढणारी यंत्रं ओळीनं धडधडत असतात, तिथे माणूस माणसाशी बोलत नाही, खुणा करतो. पाणी हवं तर अंगठा, मशीन थांबवायचं तर पंजा, मालक आला तर मिशीवरून बोट. मशीनचं बेअरिंग बिघडलंय का हे पाहायला नाना लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवत आणि मूठ डाव्या कानाला. तीस हंगाम असं ऐकल्यावर डावा कान पूर्ण गेला आणि उजवा अर्धा उरला. त्यामुळे नाना बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघतात. आम्ही इथे नवीन राहायला आलो तेव्हा मला ते फार खटकलं होतं. मी मास्तरीण असल्यानं कोणी टक लावून बघितलं की माझ्या कपाळावर आठी येतेच. नंतर कळलं की ते माझ्याकडे बघत नसून माझं वाक्य वाचत होते.

त्यांची बायको सिंधूअक्का. अक्कांचा आवाज आमच्या गल्लीत प्रसिद्ध. जुन्या पद्धतीप्रमाणे नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून त्या "आयकं का!" अशी हाक मारत. नानांनी अर्थातच ऐकलेलं नसे. मग पुढचं सगळं त्याच पट्टीत. "गॅस संपना!" "दूधवाला उना!" "वांगी आना, हिरवी, काटानी!" त्यांच्या घरी आज भाजी कसली हे मला नानांच्या आधी कळे. सुरुवातीला मी आमच्या ह्यांना म्हणायची, किती भांडतात हो ही दोघं. नंतर सवय झाली, पण मत बदललं नाही. तापट जोडपं, एवढंच मी मनात लिहून ठेवलं.

अडीच वर्षांपूर्वी कानाच्या डॉक्टरांनी नानांना सांगितलं की उरलेला उजवाही चाललाय. सावकाश जाईल, पण जाईल. कानात घालायचं मशीन दिलं. नानांनी ते चार दिवस वापरलं आणि डबीत ठेवून दिलं. "बाई, मशीन लावलं की कूलर कानात शिरतो," ते मला म्हणाले. "अक्का, कुकर, रिक्षा, कुत्रं, बठ्ठं सारखंच मोठं. घुमणाऱ्या खोलीत तर एका शब्दाचे चार होतात." मग म्हणाले, "कान जाऊ दे. पण त्याना पहिले एक खोली अशी करसू, जठे मले एकेक शब्द साफ ऐकू यी."

मुलगा पुण्याला असल्यानं मागची खोली रिकामीच होती. नानांनी कुठून तरी मोडीत निघालेले दोन उंच लाकडी स्पीकर आणले, एक अँप्लिफायर आणला, जुन्या गाण्यांचा साठा जमवला आणि त्या खोलीचं नाव 'गाण्याची खोली' असं ठेवलं. आमचे हे म्हणाले, "नाना, एका कानाला दोन स्पीकर कशाला?" नाना म्हणाले, "पाहुण्याला दोन कान असतात ना."

नाना ध्वनिशास्त्र शिकले ते मोबाईलवर. परदेशातले लोक आपापल्या खोल्या कशा सुधारतात याचे व्हिडिओ. आवाज त्यांना ऐकू येत नव्हता आणि आला असता तरी इंग्रजी कळलं नसतं. ते फक्त बघायचे. गोरा माणूस खोलीत येतो, टाळी वाजवतो, मान हलवतो, भिंतीवर काहीतरी ठोकतो, पुन्हा टाळी वाजवतो, हसतो. तीस वर्षं खुणांवर जगलेल्या माणसाला एवढं पुरे होतं. टाळीची सवय तिथून लागली.

पहिला प्रयोग अंड्यांच्या ट्रेचा. भिंतीला ते खवल्यांचे पुठ्ठे लावले की आवाज मरतो असं एका व्हिडिओत दिसलं. घर माळकरी. अक्कांच्या घरात कांद्याला चातुर्मासात बंदी. नानांनी शंभरेक ट्रे सायकलला बांधून भर दुपारी गल्लीतून आणले. संध्याकाळपर्यंत तीन जणींनी अक्कांकडे ऑम्लेटच्या गाडीची चौकशी केली आणि अक्कांनी ते ट्रे अंगणात फेकले. ते फेकताना त्या जे काही बोलल्या ते नानांना नाही, पण पांझरा नदीपलीकडे ऐकू गेलं असावं. पुढे एका व्हिडिओतल्या माणसानं ट्रेकडे बोट दाखवून जोरजोरात नाही म्हणून मान हलवली तेव्हा नानांना पटलं की ट्रेनं फारसं काही होतच नाही. "चला, अक्का बरोबर व्हती," ते मला म्हणाले. अक्कांना हे सांगितलं का, असं मी विचारलं. "सांगायचं म्हणजे ओरडून कबूल व्हायचं," नाना म्हणाले आणि निघून गेले.

दुसरा प्रयोग कपाशीचा. खान्देशात राहून, जिनिंगमध्ये जन्म घालवून, माणसाला कापूस सुचायला सहा महिने लागले याचंच मला नवल वाटलं. लाकडी चौकटी करायच्या, त्यांत कापूस भरायचा, वरून मांजरपाट ताणून बसवायचा आणि भिंतीपासून चार बोटं सोडून टांगायचं. पण इथे नानांचा धंदा आडवा आला. तीस वर्षं त्यांनी सरकी आणि कापूस वेगळे केले होते. आता त्यांचा तर्क असा, की जड वस्तू जास्त आवाज खाते आणि सरकीसकट कापूस जड. म्हणून त्यांनी ओळखीच्या शेतकऱ्याकडून वेचणीचा कापूस जसाच्या तसा आणला आणि सरकीसकट भरला.

उद्घाटनाला आम्ही दोघं पाहुणे. खोलीत शिरताच कानांत दडे बसल्यासारखं झालं. माझाच आवाज मला वेगळा वाटला. नानांनी टाळी वाजवली. खरंच, टाळी जिथल्या तिथे मेली. नाना कृतार्थ दिसत होते. गाणं लावण्याआधी म्हणाले, "दोन मिनिटं नुसती शांतता आयका."

आम्ही ऐकली. त्या देवपुरातल्या सर्वात शांत खोलीत, उजव्या भिंतीच्या आतून, कुट्ट, कुट्ट, कुट्ट असा आवाज येत होता. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. उंदीर सरकी फोडत होता. एक नव्हे, मला वाटतं कुटुंबच होतं. नाना डोळे मिटून बसले होते. "काही आयकू येस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काही नाही नाना. अगदी शांत." खोटं बोलण्याबद्दल मी वर्गात मुलांना उभं करते. पण त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता तो मला मोडवेना.

ते काम आठवड्यानं अक्कांनी केलं. "उंदरं पोसेल शेत तुमी!" भिंतीपलीकडून आम्हाला दिवसभर हेच ऐकू येत होतं.

मग सगळं उतरवून, सरकी काढलेला पिंजलेला कापूस भरून, नव्यानं सुरुवात झाली. यावेळी नाना पक्के झाले होते. ते खुर्चीवर मला बसवून भिंतीशी आरसा धरून सरकत. "स्पीकर दिसला की सांगा." जिथे आरशात स्पीकर दिसेल तिथून आवाज भिंतीवर आपटून येतो, तिथे चौकट टांगायची. म्हातारा माणूस आरसा छातीशी धरून भिंतीला पाठ लावून एकेक पाऊल सरकतोय आणि मी खुर्चीतून "दिसला, दिसला" म्हणतेय. खिडकीतून कोणी पाहिलं असतं तर आमच्याबद्दल काय समजलं असतं कोण जाणे. कोपऱ्यांत जाड आवाज साठतो म्हणून कोपऱ्यांत गाद्यांच्या वळकट्या उभ्या केल्या. त्यांतली एक अक्कांच्या लग्नातली गादी. जमिनीवर सतरंजी, खिडकीला माहेरची गोधडी, दाराच्या फटीत नमद्याची पट्टी. स्वयंपाकघरातल्या फळीवर एक पितळी तांब्या एका ठराविक सुराला झंकारतो, असं एका पाहुण्यानं सांगितल्यावर नानांनी तो माळ्यावर टाकला. पुढचे तीन दिवस अक्का तांब्या शोधत होत्या आणि आम्ही सगळी गल्ली ते ऐकत होतो.

श्रावणात कानबाईच्या सणाला अक्कांचे भाऊ फैजपूरहून आले आणि दमले होते म्हणून त्या खोलीत आडवे झाले. सोमवारी सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन बायका बँडच्या तालावर नाचत दारावरून गेल्या. सगळं देवपूर गाजत होतं. हे भाऊ नऊ वाजता डोळे चोळत बाहेर आले आणि विचारते झाले, "कानबाई कधी निघणार?" अक्कांनी कपाळावर हात मारला. नानांनी मात्र ही हकिगत महिनाभर प्रशस्तिपत्रासारखी सांगितली.

पण खोली अजून पास झाली नव्हती. नानांची परीक्षा गाण्याची नव्हतीच, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. गाणं ते दोन ओळी लावून बंद करत. मग मला समोरच्या खुर्चीत बसवून वर्तमानपत्र हातात देत. "वाचा. आवाज चढवायचा नाही. घरात बोलतो तसं." आणि डोळे मिटून घेत, म्हणजे माझे ओठ दिसू नयेत. मी बाजारभाव वाचायची. भरताची वांगी, लाल मिरची, केळी. ते माझ्यामागून एकेक शब्द म्हणत. जो चुकेल तो वहीत लिहून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी कुठली तरी चौकट वीतभर सरकवत.

आमचे हे एकदा म्हणाले, रोज हिला कशाला त्रास, मी वाचतो. नाना म्हणाले, "तुमचा नको. बायकांचा आवाज बारीक, तोच पहिल्यांदा कानातून सुटतो. बाईंचाच पाहिजे." माझे उच्चार स्पष्ट म्हणून माझी निवड झाली असं मी समजले. शिक्षकांच्या खोलीत दोन-तीनदा सांगितलंही.

अक्का मात्र त्या खोलीत पाऊल टाकत नव्हत्या. रोज दुपारी तीनच्या सुमाराला भिंतीपलीकडून संवाद ठरलेला. नाना, "एकदा यी जा ना आठे!" अक्का, "काम शेतस मले!" नाना, "पाच मिनिटं!" अक्का, "मले काय गाना आयकाना शेत? मनी गादी पहिले वापस द्या!" मग आदळआपट. गादीचं दुःख मला समजत होतं. माझी असती तर मीही गेले नसते.

यंदाचा उन्हाळा आला. धुळ्याच्या मे महिन्याबद्दल धुळेकरांना काही सांगायला नको आणि बाहेरच्यांचा विश्वास बसत नाही. त्या खोलीत पंखा चालत नसे, कारण पंख्याचा आवाज. चारी बाजूंनी कापूस. मी बाजारभाव वाचून बाहेर आले की पदर पिळायची वेळ यायची. पण नानांचं म्हणणं, उन्हाळा संपायची वाट बघितली तर कान पुरणार नाही. वहीतले चुकलेले शब्द पुन्हा वाढायला लागले होते. चौकटी हलवून ते कमी होत नव्हते. खोली सुधारत होती आणि कान त्याहून भराभर चालला होता, हे आम्हाला दोघांनाही कळत होतं. मी वाचत राहायची.

शेवटचा अडथळा कूलरचा. गल्लीत पंधरा घरं, पंधरा कूलर. त्यांची घरघर खिडकीच्या गोधडीतूनही आत यायची. नाना दारोदार गेले. "दुपारी फक्त पंधरा मिनिटं बंद ठेवा." पंचेचाळीस अंशांत कूलर बंद ठेवायला सांगणाऱ्या माणसाशी लोक जितक्या सभ्यपणे बोलू शकतात तितक्या सभ्यपणे बोलले. एकानं दार लावून घेतलं. मी कूलर बंद ठेवला. घरात आमचे हे माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

आणि मग एका मंगळवारी सकाळी कोपऱ्यावरची डीपी मोठा धमाका होऊन जळाली. सगळ्या गल्लीची वीज गेली. सगळे कूलर एकदम गप्प झाले. माणसं हाश्शहुश्श करत झाडांखाली आली. मला हसू आलं. नानांना हवी होती ती शांतता अखेर मिळाली, पण विजेविना त्यांचा अँप्लिफायरही मुका. नशीब तरी किती खट्याळ असावं! वीज बुधवारी संध्याकाळी आली. कूलर सुरू झाले, गल्ली पुन्हा घरात गेली.

तीन-चार दिवसांनी माझ्या लक्षात आलं की भिंतीपलीकडून काहीच ऐकू येत नाही. दूधवाला आला की नाही, भाजी कसली, काही पत्ता लागेना. तीनची हाक नाही, आदळआपट नाही, मला वाचायला बोलावणंही नाही. आठवडा गेला तशी मला काळजी वाटायला लागली. ह्या उन्हात म्हाताऱ्या माणसांचं काय सांगावं. शनिवारी दुपारी शाळेच्या निकालाचं काम टाकून मी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. बैठकीत कोणी नाही, स्वयंपाकघरात कोणी नाही. मागच्या खोलीचं दार बंद. मी ते हलकेच ढकललं.

दोघं समोरासमोर दोन खुर्च्यांवर बसली होती. गाणं चालू नव्हतं. अक्का बोलत होत्या. अगदी हळू, मध्येच हातातल्या पंख्यानं नानांना वारा घालत. नाना त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हते. त्यांनी डोळे मिटले होते, उजवा कान पुढे केला होता आणि मधूनमधून "हां" म्हणत होते. दोघांनाही मी दिसले नाही. मी दार लावून घेतलं आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी अडीचच्या सुमाराला अक्का विरजण मागायला आल्या. "बाई, जरासं विरजण शे का?" त्या म्हणाल्या आणि मी चमकून बघितलं. अक्कांचा आवाज मुळात इतका मऊ आहे, हे मला बावीस वर्षांत कळलं नव्हतं. मी त्यांना बसवलं, चहा टाकला. काल आत डोकावले होते हे कबूल केलं. त्या लाजल्या. पासष्टीच्या बाईला असं लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"तो लाइट गयता ना," त्या सांगायला लागल्या, "त्या दिवशी फ्रिजमधलं दूध नासी गयं. ते त्या खोलीमा बसेल व्हतात, गानानं मशीन बंद तरी बसेल व्हतात. मी दारात गेले. गर्मी इतकी, की माझ्यानं ओरडवेना. मी आपलं माझ्याशीच म्हटलं, दूध नासी गयं. तर ते म्हणाले, 'बठ्ठं?'"

अक्कांनी हातातली विरजणाची वाटी खाली ठेवली.

"मी म्हटलं, तुमले आयकू उनं? तर ते रडाले लागनात. बाई, दूध नासलं म्हणून कोणी रडतं का?"

चहा उतू जात होता तो मी बंद केला.

"मग म्हणाले, हाईसाठेच व्हतं बठ्ठं. गानासाठे नही. मी म्हटलं, मग तोंडानं सांगायचं ना! तर म्हणाले, कसं सांगू? सांगितलं असतं तर तू तिथून 'काय?' म्हणून ओरडली असतीस." अक्का हसल्या आणि पदरानं डोळे पुसले. "खरं शे ते. गॅस संपना हाई बोंबलीसन सांगता येस, बाई. पन 'तुमना पाय दुखस का, चोळी देऊ का' हाई कसं बोंबलू? बठ्ठी गल्ली आयकस. तुमी आयकतस. मग ते बोलणं राहूनच गेलं. लग्न झालं तेव्हाच त्यांचा कान बिघडायला लागला होता. मी फक्त कामाचं तेवढंच बोलत आले."

मला माझीच लाज वाटली. बावीस वर्षं एका भिंतीला कान लावून मी त्या दोघांना भांडखोर ठरवलं होतं. ते मी अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमलेबी आमनंच तसं वाटे."

"मग आता काय बोलता रोज?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी काही सुचेच ना. मग म्हटलं, सुरुवातीपासून सांगते. मी नवरी म्हणून देवपूरले उनू, तवय मले कसं वाटनं. तुमची आई काय म्हणाली. मुलगा झाला तेव्हा तुम्ही हंगामावर होता, तो रडला कसा, दिसत कसा होता. त्यांना काहीच माहीत नाही, बाई. त्याच घरात होते आणि काही माहीत नाही. रोज तीन ते पाच मी सांगते, ते आयकतस. मध्येच ते त्यांचं सांगतात."

मी चहाचा कप पुढे केला. विचारू की नको असं झालं, पण विचारलं. कान कसा आहे?

"कमीच व्हई राह्यना. डॉक्टरनी सांगं तसंच." त्यांनी चहा बशीत ओतला. "पहिल्या दिवशी मी दारातून बोलले तरी समजलं. आता खुर्ची जवळ घ्यावी लागते. परवा अजून जवळ घेतली. दिवाळीपर्यंत टिकला तर खूप, म्हणतात."

"आणि तुमचं सांगून किती झालं?"

अक्कांनी घड्याळाकडे बघितलं. तीनला सात मिनिटं कमी होती. बशीतला चहा तसाच ठेवून त्या उठल्या, विरजणाची वाटी उचलली आणि दाराशी चपला शोधायला लागल्या.

"एकेचाळीस वर्सं झायात लग्नाले," पायात चपला सरकवत त्या म्हणाल्या, "आनि आमनं आजून चौथंच वरीस चालू शे."

आणि त्या भर उन्हात जवळजवळ पळतच घरी गेल्या.